स्वातीवरून दिसणारी कुस्ती

कुस्ती जिंकलेल्या माणसानं खरं तर मिशीला पीळ देत सुखानं म्हातारं व्हावं. भोरशेरीच्या नानासोनं मिशी ठेवली, रोज सकाळी पीळही दिला, पण सुखाचं काही त्याला जमलं नाही. आणि त्याला कारण म्हणजे ती कुस्तीच.

भोरशेरी आणि चिंचढव या दोन गावांच्या मधून एक ओढा जातो. अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं सांगली. उन्हाळ्यात ओढ्याला एवढंच पाणी असतं, की शेळी ओलांडून गेली तरी तिचा खूर भिजत नाही. पण दोन्ही गावांची ऐट अशी, की मधे जणू समुद्र पसरलाय. भैरोबा मात्र दोघांचा एकच, जत्रा एकच, आणि कुस्त्यांचं मैदानही ओढ्याकाठच्या एकाच माळावर. अठ्ठ्याऐंशी सालच्या जत्रेत चांदीच्या गदेची शेवटची कुस्ती लागली ती नानासो आणि चिंचढवच्या तात्याबाची. पाऊण तास झाला तरी कुणी कुणाला हटेना. दिवस मावळतीला आला तेव्हा नानासोनं ढाकेचा डाव लावला, तात्याबा उचलला गेला, दोघं धाडदिशी खाली आले, आणि हळद-ताक घालून मळलेली आखाड्याची तांबडी माती नानासोच्या दोन्ही डोळ्यांत गेली. पुढचं त्याला काही दिसलं नाही. माळावर आरोळी उठली तेवढी ऐकली आणि पंचांनी आपला हात धरून वर केलाय एवढं कळलं.

तात्याबा उठला, अंगावरची माती झटकली आणि म्हणाला, "पाठ टेकली न्हाई. येक खांदा वर हुता."

झालं. पंच पडले नानासोच्या चुलत्याचे व्याही, त्यामुळं चिंचढवला बोलायला जागा सापडली. भोरशेरीनं गदा वाजतगाजत नेली, चिंचढवनं त्या वर्षीचा जत्रेचा प्रसादही खाल्ला नाही. तेव्हापासून नानासो आणि तात्याबा एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत. पंच कधीच देवाघरी गेले. तेव्हा काही कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता, की काढला व्हिडिओ आणि मिटलं भांडण. दरवर्षी जत्रा आली की दोन्हीकडची माणसं पारावर बसून त्याच खांद्याचा कीस काढायची. नानासो मिशीवर हात फिरवत गप्प बसायचा. लोकांना वाटायचं, काय हा मोठेपणा. त्याला बिचाऱ्याला सांगायचंच काही नव्हतं, कारण त्यानं काही बघितलंच नव्हतं.

यंदा त्यातून एक नवीनच लचांड उभं राहिलं. भोरशेरीनं कुस्तीच्या माळाला लागूनच नवी तालीम बांधली. सरपंच उदयसिंह फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेला, प्रत्येक गोष्ट कागदावर उतरवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. त्यानं ठरवलं, नानासोची गदा तालमीत काचेच्या पेटीत ठेवायची आणि खाली काळ्या दगडाची पाटी बसवायची. दगड माधवनगरच्या कारागिराकडं जाऊनही पडला होता. जत्रा रविवारी, मजकूर शुक्रवारी सकाळपर्यंत पाहिजे होता.

"काय लिवायचं, नाना? 'विजेते नानासो' एवढंच, का फुडं 'अजिंक्य' बी टाकू?" उदयसिंह विचारून गेला.

नानासो चुलीपाशी जाऊन बसला आणि मनातलं बोलून गेला. तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातं. दगडावर कोरलेलं नातवंडं वाचणार, त्यांची नातवंडं वाचणार. आणि ते खोटं असलं तर?

"मग त्यालाच इचारा की," त्याची बायको साळूबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "पाठ त्येची हुती. त्येला ठावं नसंल तर कुनाला असंल?"

"तो काय सांगनार? सदतीस वर्सं 'न्हाई' म्हनतोय, आज 'व्हय' म्हनंल व्हय?"

"मंग बसा झुरत," साळूबाई म्हणाली आणि भाकरी तव्यात टाकली. या बाईचं हे असंच. शहाणपण सांगायचं ते एकदाच, आणि नंतर त्याची आठवणसुद्धा करून द्यायची नाही.

मंगळवारी संध्याकाळी हायस्कूलच्या पटांगणात दुर्बीण लागली. भार्गवीबाई म्हणून सांगलीच्या, विज्ञानाच्या नव्या शिक्षिका आल्या होत्या, दुर्बीण त्यांची स्वतःची. अंधार पडायच्या आधीच निम्मं गाव गोळा झालं. चंद्र उगवायला अवकाश होता, तोवर माणसं गप्प बसावीत म्हणून बाईंनी एक प्रश्न टाकला. समजा, विश्वात कुठंही नेणारी गाडी मिळाली, वेगाला मर्यादा नाही, अंतराला मर्यादा नाही, तर तुम्ही कुठं जाल?

झालं, एकेकाला कंठ फुटला. एकजण म्हणाला, जितं उसाला तोड येळंवर मिळती त्या ग्रहावर. उदयसिंह म्हणाला, मी चंद्रावर, पण सोळा वर्षं घरापासून लांब राहिलोय, तेव्हा मुक्काम करणार नाही. साळूबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जितं आगुदर फोन केल्याबिगर पावनं येत न्हाईत, तितं. मग किती बी लांब असू दे."

तेवढ्यात पूर्वेला एक केशरी तारा वर आला होता, बाईंनी तिकडं बोट केलं. "हा स्वाती."

स्वाती म्हटल्यावर शेतकरी माना ताठ करून बघायला लागले. पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती हे सगळ्यांनी ऐकलेलं, पण ते नक्षत्र असं आभाळात कुणी निरखून बघितलं नव्हतं. बाईंनी सांगितलं, की या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला जवळजवळ सदतीस वर्षं लागतात. आत्ता तुमच्या डोळ्यांत जो उजेड शिरतोय, तो तिथून निघाला अठ्ठ्याऐंशी सालात.

नानासो मागं भिंतीला टेकून बसला होता. तो उठून पुढं आला.

"बाई, मग हितला उजेड तिकडं जायाला बी तेवढीच वर्सं लागत असतील?"

"अगदी तेवढीच."

"म्हंजी अठ्ठ्याऐंशी सालात हितं जे झालं, ते तितं आत्ता पोचतंय?"

"हो. वेगाला मर्यादा नसलेली गाडी आणि हवी तेवढी मोठी दुर्बीण असली, तर स्वातीच्या जरा पलीकडं उभं राहून तुम्हाला या गावची अठ्ठ्याऐंशी सालची जत्रा डोळ्यांनी बघता येईल."

नानासोनं मान वर करून स्वातीकडं बघितलं. त्याची कुस्ती संपली नव्हती तर. ती अजून प्रवासात होती, आणि नेमकी याच दिवसांत त्या केशरी ठिपक्याजवळ जाऊन पोचली होती. तिथं तात्याबाचा खांदा एक तर टेकत होता, नाही तर टेकत नव्हता.

"मग मला तितं जायचंय," नानासो म्हणाला. पासष्टीच्या माणसानं एवढ्या हट्टानं काही मागितलेलं गावानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"जा की," मागून कुणीतरी म्हणालं, "पर एकटा जाऊन कसं चालंल? परत आल्यावर चिंचढव मानंल व्हय? साक्षीदार नकोत?"

मुद्दा बिनतोड होता. बुधवारी सकाळी ग्रामपंचायतीत बैठक बसली. कुणी हसू नये. गाडी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गाडी नसताना मान ठरवून ठेवला नाही, तर गाडी आल्यावर डोकी फुटतात, हा आमच्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. उदयसिंहानं फौजेच्या पद्धतीनं यादी काढली. साक्षीदार पाच. गाडीत पहिलं पाऊल पाटलांचं, कारण पालखीत त्यांचं पाऊल पहिलं. गुरव म्हणाले, भैरोबाचा अंगारा पुढं गेल्याशिवाय गावाची वेस ओलांडता येत नाही, मग स्वाती तर वेशीच्या बाहेर आहे. त्यावर दोन तास गेले. दशम्या किती दिवसांच्या बांधायच्या, हे विचारायला साळूबाईकडं माणूस आला. तिनं त्याला विचारलं, "परत येनार हायत का समदी? येनार नसतील तर मी धा दिसांच्या बांधते."

ओढ्यापलीकडं बातमी जायला काय उशीर. दुपारी तात्याबाचा पुतण्या विश्वजीत मोटरसायकलवरून आला आणि नानासोच्या अंगणात उभा राहिला.

"तात्यांचा निरोप हाय. त्येंनी सांगितलंय, नानासो स्वातीवर जानार असंल तर मीबी येनार. आन् खिडकीजवळची जागा माजी."

सदतीस वर्षांत तात्याबाकडून आलेला हा पहिला निरोप. नानासोनं तोंड वाकडं केलं, "खिडकी म्हनं," असं कायबाय पुटपुटला, पण विश्वजीतला चहा पाजल्याशिवाय सोडला नाही. आतून त्याला फार बरं वाटत होतं. का वाटतंय ते त्याला उमजेना, आणि साळूबाईला विचारायची सोय नव्हती.

आता दोन्ही गावं गाडीत चढणार म्हटल्यावर गुरुवारी पाच वाजता कुस्तीच्या माळावर संयुक्त बैठक ठरली. भार्गवीबाईंनाही बोलावणं गेलं. बाईंना आधी वाटलं, गावाला विज्ञानाची गोडी लागली. येऊन बघतात तर दोन गावं समोरासमोर बसलेली, आणि उदयसिंहाच्या हातात तीन पानी यादी. पण बाई मोठ्या धीराच्या. त्यांनी मोबाईल काढला, त्यात कुठल्याही दिवसाचं आभाळ दिसतं म्हणाल्या.

"कुस्ती किती वाजता झाली?"

"दिवस मावळायच्या आगुदर," दोन्ही गावं एका सुरात म्हणाली. सदतीस वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं.

बाईंनी ती तारीख लावली, ती वेळ लावली, आणि त्यांचा चेहरा जरा पडला. "त्या वेळी स्वाती नुकता उगवत होता. पूर्वेला, अगदी खाली. म्हणजे तिथून बघणाऱ्याला हे मैदान वरून दिसणार नाही. पूर्वेच्या बाजूनं, आडवं दिसेल." त्यांनी मान वर केली. "मैदानाच्या पूर्वेला काय होतं?"

माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मग एक म्हातारा चाचरत म्हणाला, "मंडप हुता. पावन्यांचा."

"उघडा?"

"न्हाई वो. मागनं कनात लावल्याली. चांगली पुरुषभर उंच."

म्हणजे वेगाला मर्यादा नसलेल्या गाडीत बसायचं, पाटलांचं पाऊल आधी टाकायचं, भैरोबाचा अंगारा लावायचा, विश्व ओलांडून स्वातीच्या पलीकडं जायचं, दुर्बिणीला डोळा लावायचा, आणि बघायचं काय, तर ठिगळं लावलेल्या कनातीची मागची बाजू. मग भोरशेरीतलं कुणीतरी म्हणालं, त्या वर्षी मंडपाचा मान चिंचढवचा होता. चिंचढव म्हणालं, जागा तुमच्या पाटलांनी दाखवली. आणि बघता बघता दोन्ही गावं पायांवर उभी राहिली आणि कनात पूर्वेला कुणी लावली यावर नवीन भांडण सुरू झालं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर काय तजेला आला म्हणून सांगू.

नानासो मात्र उठला आणि ओढ्याकडं चालायला लागला. उद्या सकाळी मजकूर द्यायचा होता, आणि त्याचा शेवटचा साक्षीदार कनातीआड गेला होता. तो ओढ्यातल्या एका धोंड्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं मागून काठीचा आवाज आला. तात्याबा गुडघे सांभाळत उतरत होता. तो समोरच्या धोंड्यावर टेकला. मधे ओढा होता, दीड हाताचा.

नानासोनं ओढ्यात एक खडा टाकला. मग नानासो म्हणाला, "खिडकीजवळची जागा गेली तुजी."

"जाऊ दे. मला यष्टीत बी मळमळतं."

नानासोला हसू आलं, आणि हसू आल्यावर सदतीस वर्षं अडलेला प्रश्न आपसूक बाहेर पडला. "तात्याबा, माज्या डोळ्यांत माती गेल्ती रं. मला कायबी दिसलं न्हाई. उद्या दगडावर नाव जायाचंय. खोटं नाव मला न्हाई सोसायचं. तूच सांग, टेकली हुती का?"

तात्याबानं मागं वळून बघितलं. माळावर भांडण रंगात आलं होतं, इकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"टेकली हुती," तो म्हणाला. "दोनी खांदं. साफ. त्या मातीचा गारवा आजून पाठीला आठवतो."

नानासोच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं ओझं असं एका वाक्यात उतरतं हे त्याला खरंच वाटेना. आणि ते उतरल्या उतरल्या त्याला राग आला. "मग गाढवा, सदतीस वर्सं बोंबलत काय हुतास?"

"पयल्या दिशी लाजंनं बोललो," तात्याबा म्हणाला. "फुडच्या वर्सी बघितलं, तर त्या जत्रंत हरलेल्या एकाचं बी नाव लोकांच्या ध्यानात न्हवतं. माजं तेवढं हुतं. आरं, हरलेल्याला कोन इचारतंय? पर वादातल्या मानसाला समदी इचारत्यात. आजून म्हनत्यात, नानासो-तात्याबाची कुस्ती. दोनी नावं एका दमात. म्हटलं, चालू दे." तो काठीनं वाळूत रेघा ओढायला लागला. "आता पुरं झालं. तू लिव तुजं नाव. खरं हाय ते. मी येईन बघाय."

नानासो विचारात पडला. "मग स्वातीवर कशाला येनार हुतास? तितं तर तुजी चोरी उघडी पडली असती."

तात्याबानं वाळूतल्या रेघा काठीनं पुसल्या.

"तुज्याकडं गदा हाय, गड्या," तो म्हणाला. "माज्याकडं त्या दिसाचं कायबी न्हाई. येक फोटू बी न्हाई. वाटलं, हरताना तर हरताना, पर मी तवा कसा दिसत हुतो तेवढं तरी बघावं येकदा."

नानासो उठला आणि दीड हाताचा ओढा ओलांडून पलीकडं गेला. त्यानं हात पुढं केला, तात्याबाला धोंड्यावरून उठवलं, आणि पासष्टीतले दोन पैलवान एकमेकांच्या दंडाला धरून चढ चढले. माळ जवळ आला तसे दोघं न सांगता वेगवेगळ्या बाजूंना झाले.

शुक्रवारी सकाळी नानासोनं उदयसिंहाच्या हातात कागद दिला. उदयसिंहानं वाचला, पुन्हा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. कागदावर लिहिलं होतं: 'या गदेसाठी भोरशेरीचे नानासो आणि चिंचढवचे तात्याबा यांची कुस्ती झाली. निकालाबद्दल वाद आहे.'

"नाना, वाद कसला? आपन जिकलोय की."

"तुला काय म्हाईत? तू तवा पाळन्यात हुतास," नानासो म्हणाला. "आन् आनिक येक. यंदाचा पावन्यांचा मंडप मावळतीला घालायचा. उगवतीची बाजू मोकळी ठिवायची."

"ती कशापायी?"

"म्हाताऱ्याचा हट्ट म्हन."

रविवारी दिवस कलता कलता पाटीवरचं कापड निघालं. चिंचढवनं वाचलं आणि टाळ्या वाजवल्या, भोरशेरीनं वाचलं आणि डोक्याला हात लावला, आणि पाच मिनिटांत दोन्ही गावं त्या खांद्यावरून अशी जुंपली, की गेल्या दहा जत्रांत तशी जुंपली नव्हती. तात्याबा पाटीसमोर एकटाच उभा होता. त्यानं आपल्या नावावरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावरून, सावकाश. मग त्यानं नानासोकडं बघितलं. त्यानं घसा खाकरला आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल असं गरजला, "पाठ टेकलीच न्हवती."

"टेकली हुती," नानासो त्याच्या वर आवाज चढवून म्हणाला. इतक्या वर्षांत या वादात त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. गाव चाट पडलं.

साळूबाईनं दोघांकडं नीट बघून घेतलं. ती नानासोजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "इचारलंसा वाटतं एकदाचं."

"कुनाला? काय?" नानासो म्हणाला, आणि मिशीआडून हसला. या वेळी मिशीला पीळ द्यायची त्याला आठवणही झाली नाही.

मग त्यानं पेटीतली गदा काढायला लावली आणि भार्गवीबाईंना हाक मारली. दोघा पैलवानांना माळाच्या मधोमध उभं केलं. नानासोनं गदा तात्याबाच्या खांद्यावर ठेवली आणि स्वतः त्याच्या दंडाला धरून उभा राहिला. बाई म्हणाल्या, उजेड कमी होतोय, जरा इकडं तोंड करा. पण नानासो हलला नाही, तात्याबालाही हलू दिलं नाही. दोघांची तोंडं उगवतीकडं होती. तिकडं मंडप नव्हता, कनात नव्हती, सगळं आभाळ मोकळं होतं आणि तळाशी केशरी ठिपका नुकता वर येत होता.

"पोट आत घे," नानासो तात्याबाला म्हणाला. "सदतीस वर्सांनी तितनं दिसनार हाय."

तात्याबानं पोट आत घेतलं, छाती पुढं काढली, आणि मग बाईंनी पलीकडं जाऊन फोटो काढला.